दरबारातून लोकांत

दरवर्षी ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. या दिवसाचे नाते कृष्णाकाठच्या सांगलीशी आहे.

सन १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील एक भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या मनात आले, की असे खेळ मराठीत का होऊ नयेत? हे काम त्यांनी विष्णु अमृत भावे या तरुणावर सोपवले. तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारी पूर्वी नाटके झाली होती. परंतु ती परंपरा महाराष्ट्रात आली नव्हती. गिरवावयास भाव्यांपुढे मराठी कित्ताच नव्हता.

तरीही १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. त्या काळचे नाटक आजच्याहून फार वेगळे होते. लिहिलेले संवाद नसत. भावे पदे रचीत. सूत्रधार ती गाऊन कथा सांगे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. राक्षस 'अललल डुर्रर्र' अशी आरोळी ठोकीत येत, म्हणून लोक पुढे या नाटकांना थट्टेने 'अललडुर्र' नाटके म्हणू लागले.

सन १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि भाव्यांचा मोठा आधार तुटला. नटांचे पोट कसे भरावे, हा प्रश्न उभा राहिला. मंडळी मोडून घरी बसावे, की परक्या मुलखात नशीब अजमावावे? भाव्यांनी दुसरा मार्ग धरला. आतापर्यंत एका धन्याचे मन राखले की भागत असे. आता गावोगावच्या अनोळखी प्रेक्षकांना प्रसन्न करावयाचे होते. सन १८५३ मध्ये सांगलीकर मंडळी मुंबईस पोहोचली. ग्रँट रोडच्या ज्या नाट्यगृहात पूर्वी इंग्रजी नाटके होत, तेथे तिकीट काढून लोक मराठी नाटक पाहू लागले.

हे यश पाहून इचलकरंजीकर आदी अनेक मंडळ्या निघाल्या. पुढे नाटके लिहून काढण्याची रीत रुळली. सन १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये 'शारदा' रंगभूमीवर आणले. म्हाताऱ्या वराशी लग्न ठरलेल्या एका अजाण मुलीचे दुःख त्यात होते. देव आणि राक्षस जेथे नाचले, त्याच रंगभूमीवर आता समाजाला जाब विचारला जाऊ लागला. विष्णुदास भावे १९०१ मध्ये वारले; म्हणजे हा पालट त्यांच्या हयातीतच घडला.

राजाच्या इच्छेने मराठी नाटकाचे रोप लागले खरे, परंतु राजा गेल्यावर ते सुकले नाही. भाव्यांनी ते लोकांच्या अंगणात नेऊन लावले आणि लोकांनीच त्याला पाणी घातले. सांगलीस नाट्यपंढरी म्हणतात, ते याचमुळे.