डिस्क ब्रेकचा पॅड: कोणता आणि का?

रोह्याहून नागोठण्याला जाताना भिसे खिंड लागते. खिंड चढताना सायकलस्वाराने जे कष्ट केले त्यांचे काय झाले, असे नववीच्या वर्गात विचारून पाहा. 'ते स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठले' हे उत्तर लगेच मिळते. पण उतार संपून सायकल पायथ्याशी थांबली, आता ती ऊर्जा कुठे आहे, असे विचारले की वर्ग जरा थबकतो. तिचा काही भाग हवा बाजूला सारण्यात खर्च झाला. उरलेल्यापैकी बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेला.

किती उष्णता? स्वार आणि सायकल मिळून ७० किलोग्रॅम आणि उताराची उंची १०० मीटर धरू. ७० × ९.८ × १०० म्हणजे ६८,६०० ज्यूल. एवढ्या ऊर्जेत पेलाभर, सुमारे २३० ग्रॅम, पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. हीच सारी उष्णता पुढच्या-मागच्या मिळून २०० ग्रॅम पोलादी डिस्कमध्ये कोंडली तर? पोलादाची विशिष्ट उष्माधारकता ०.५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरली, तर तापमान जवळजवळ ६८० अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात डिस्क वाऱ्यात फिरत असल्याने बरीच उष्णता वाटेतच निघून जाते. तरीही उतार संपल्यावर डिस्कला बोट लावू नये.

जुन्या सायकलीत रबराचे गुटके रिमला दाबले जात. रिम डबक्यातून फिरते, आणि ओल्या रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत ब्रेक नीट लागत नाही. डिस्क हबजवळ, डबक्यापासून उंच असते, आणि तिच्या छिद्रांमुळे पाणी व चिखल लवकर दूर होतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हा फायदा मोठाच म्हणायचा. जाड टायरच्या 'माउंटन बाइक' शाळांच्या आवारात दिसू लागल्या, त्यांतल्या अनेकींना हे ब्रेक असतात.

पण फायद्याची किंमत मोजावी लागते. चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर, तर १६० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कची अवघी ८. परिबलाचा नियम लावला, तर तेवढ्याच रोधासाठी डिस्कवर रिमच्या चौपटीहून अधिक घर्षणबल लागते, आणि ते नाण्याएवढ्या दोन पॅडांतून मिळवायचे असते. म्हणून पॅड कशाचा, या प्रश्नाला महत्त्व.

हा प्रश्न सायकलीपेक्षाही जुना आहे. इंग्लंडमधल्या हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली ब्रेकचे अस्तर बनवण्याचा उद्योग सुरू केला. उतारावरचे गाडीवाले लाकडी ब्रेकवर जुना बूट बसवतात, हे पाहून त्यांना ते सुचले असे सांगतात. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि भयंकर किंचाळत.

आज बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. रेझिन पॅडमध्ये तंतू आणि भुकटी राळेने सांधलेली असते. ही राळ बहुधा फेनॉलची, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या बेकेलाइटची बहीण. हा पॅड थंड असतानाही चांगली पकड देतो आणि आवाज कमी करतो. फार तापला मात्र की राळेचे विघटन होऊ लागते आणि लिव्हर कितीही दाबला तरी पकड ढिली पडते. दुसरा पॅड धातूचा. तांबे, कथिल, लोखंड अशा धातूंची भुकटी दाबून, न वितळवता, तापवून एकजीव करतात. तो उष्णता सोसतो आणि चिखलात हळू झिजतो, पण ओरडतो. शिवाय उष्णता कॅलिपरकडे लवकर पोचवतो.

पेण-रोह्याच्या पावसाळ्यात चिखलात बेसाल्टचे कण असतात. रेझिन पॅडला ते पॉलिश पेपरसारखे घासतात. म्हणून खिंडीतून नेहमी जाणाऱ्याने धातूचा पॅड घ्यावा असे आम्हांला वाटते. मात्र आधी डिस्कवरची अक्षरे वाचावीत. 'रेझिन पॅड ओन्ली' असे लिहिले असेल, तर त्या डिस्कचे पोलाद मऊ असते आणि धातूचा पॅड तिलाच खातो. सपाटीवरून शाळेत जाणाऱ्याला रेझिन पुरेसा आहे. त्याने पावसाळ्यात तो वरचेवर पाहावा, एवढेच.

पाहायचे काय? एटीएम कार्डाची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते. पॅडच्या पत्र्यावरचा थर त्याहून पातळ दिसला, की नवे पॅड आणावेत. अर्ध्या मिलिमीटरखाली तर जाऊच देऊ नये. वायरच्या ब्रेकमध्ये पॅड झिजला की लिव्हर मुठीच्या जवळ येऊ लागतो आणि स्क्रू फिरवून अंतर जुळवावे लागते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये हे अंतर आपोआप भरून निघते. त्यामुळे लिव्हर काहीच सांगत नाही. तिथे डोळ्यांनीच पाहायला हवे.

नवा पॅड लगेच पूर्ण पकड देत नाही. त्याच्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर बसावा लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्यावा, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगापर्यंत यावे आणि पुन्हा वेग घ्यावा, असे वीसएक वेळा करावे. चाक पूर्ण थांबवू नये. थांबवले, तर एकाच जागी जास्त द्रव्य चिकटते आणि पुढे ब्रेक लावताना हादरे बसतात.

या थराचा वैरी म्हणजे तेल. साखळीवर मारलेला फवारा डिस्कवर उडाला, की धडधाकट दिसणारा पॅडही थांबवत नाही, आणि हे कळते ते उतारावरच. रॉकेलने डिस्क पुसू नये, कारण त्याचा तेलकट अंश मागे राहतो. सॅनिटायझरमध्ये अनेकदा ग्लिसरीन असते, तेही नको. प्रयोगशाळेतले आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडके चांगले. पॅडमध्ये तेल मुरले असेल, तर घासत बसण्यापेक्षा तो बदलावा.

हे वर्गात दाखवता येते. सायकलवाल्याकडून टाकून दिलेला पण थर शिल्लक असलेला पॅड आणावा. तो स्टीलच्या सपाट पत्र्यावर ठेवून पत्रा हळूहळू तिरपा करावा आणि पॅड घसरू लागेल तो कोन मोजावा. त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थैतिक घर्षण गुणांक. कोन २२ अंश आला तर गुणांक सुमारे ०.४. आधी कोरड्या पत्र्यावर, मग ओल्या, आणि शेवटी तेलाचा एक थेंब पुसून घेतलेल्या पत्र्यावर मोजावे. तेलाचा प्रयोग शेवटीच ठेवावा, कारण त्यानंतर तो पॅड पहिल्या दोन प्रयोगांना चालणार नाही.