शिक्षकाचा मालक कोण?

राळेगाव मतदारसंघाने महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळास दोन प्राध्यापक दिले. २००४ नंतर प्रा. वसंत पुरके यांच्याकडे शालेय शिक्षण खाते आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रा. डॉ. अशोक उईके यांच्याकडे आदिवासी विकास खाते. राज्यातील सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा या दुसऱ्या खात्याच्या कारभारात येतात. तेव्हा त्या शाळांतील शिक्षकांचा तंटा राळेगावकरांनी आपल्या घरचाच मानला, तर त्यात वावगे काही नाही.

मे २०२५ मध्ये या खात्याने आश्रमशाळांतील १,७९१ शिक्षकपदे बाह्यस्रोताने, म्हणजेच सरळ भाषेत ठेकेदार कंपनीमार्फत, भरण्याचे ठरविले. वर्षानुवर्षे रोजंदारीवर शिकविणाऱ्यांनी त्याविरुद्ध जुलैमध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर भर पावसाळ्यात बिऱ्हाड मांडले. कंपनी नको, आम्हांस सेवेत कायम करा, हे त्यांचे म्हणणे.

रोजंदारीची पद्धत चांगली होती असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. मुलांना घडविणाऱ्याची नेमणूक वर्षावर्षाने करावयाची आणि सुटी लागताच त्याचे वेतन थांबवावयाचे, हा व्यवहार शेतमजुरालाही परवडत नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट तरी शाबूत होती: मालक सरकार होते. गाऱ्हाणे घेऊन जावयाचे तर पांढरकवड्याचे प्रकल्प कार्यालय होते, नाशिकचे आयुक्तालय होते, मुंबईचे मंत्रालय होते. कंपनी मध्ये आली की हे सारे दरवाजे एकदम बंद होतात. अधिकारी म्हणणार, तो आमचा नोकर नव्हे. कंपनी म्हणणार, निविदेतील दर सरकारने ठरविला. मग शिक्षक संघटनेने वाटाघाट करावयाची ती कोणाशी? पैसा सरकारी तिजोरीचा, शाळा सरकारची, मुले सरकारच्या ताब्यात दिलेली. केवळ जबाबदारी तेवढी परक्याची, असा हा बनाव आहे.

यावर नियमित भरतीस विलंब लागतो आणि वर्ग रिकामा ठेवता येत नाही, असे उत्तर मिळते. ते अगदीच पोकळ नाही. पात्रतेचा आग्रहही योग्यच आहे. परंतु पात्रता तपासावयाची तर परीक्षा सरकारने घ्यावी. त्यासाठी अडत्या कशाला?

राळेगाव, केळापूर, मारेगाव या भागांत कोलामांचे पोड पाहिलेल्या वाचकास आमचे म्हणणे चटकन् पटेल. आदिम जमातींत गणना झालेल्या या समाजाच्या घरची बोली कोलामी. ती द्राविड कुळातील, मराठीशी तिचे नाते नाही. सहा वर्षांचे मूल आईबापांपासून दूर वसतिगृहात येते, तेव्हा पुस्तकातील शब्द त्याला परका आणि शिकविणाराही परका. मूल रात्री का रडते, पोळ्याला घरी गेलेले पोर परत का येत नाही, कोणत्या शब्दाला ते हसते, हे शिक्षकाला समजावयास दोन-तीन वर्षे लागतात. नेमक्या तेवढ्या मुदतीत ठेका बदलला, तर शिक्षकाबरोबर ही सारी ओळखही निघून जाते, आणि तिची नोंद कोणत्याही निविदेत नसते.

सरकारला मागे फिरता येत नाही असेही नाही. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळांत १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा आदेश निघाला. मुहूर्त कोणी काढला कोण जाणे! २५ सप्टेंबरला राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते धोरण रद्द झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जे गैर ठरले, तेच आश्रमशाळेत तीन महिन्यांनी योग्य कसे ठरले?

मूळ दुखणे पैशाचे आहे. अंशतः अनुदानित शाळांना अनुदानाचा वाढीव टप्पा देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. तरतूद मात्र झाली नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले, ते आजही साधलेले नाही. निर्णय निवडणुकीपूर्वी आणि तरतूद आंदोलनानंतर, हा क्रम शिक्षकांच्या आता अंगवळणी पडला आहे. तो अर्थखात्याच्याही अंगवळणी पडावा याचे आम्हांस वैषम्य वाटते.

प्रा. उईके यांनी या प्रश्नी कंपनीस मधून दूर करावे, आश्रमशाळांतील रिक्त पदांच्या नियमित भरतीचे वेळापत्रक जाहीर करावे, रोजंदारीवर ज्यांनी वर्षे घालविली त्यांच्या अनुभवास त्या भरतीत गुण द्यावेत, आणि त्यासाठी लागणारी रक्कम अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. संघटनेशी बोलणी करावयाची ती मंत्र्यांनी स्वतः करावीत, आणि त्यांचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे.