महाकाय भोपळ्याच्या वेलाला फळ का धरत नाही?

वनस्पतिसृष्टीतील सर्वांत वजनदार फळ कोणत्याही उंच वृक्षाला लागत नाही. ते जमिनीवर पसरणाऱ्या, एकाच हंगामात उगवून त्याच हंगामात सुकून जाणाऱ्या एका वेलाला लागते. हे फळ म्हणजे भोपळा. 2023 साली ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हाफ मून बे या गावी तोलण्यात आलेल्या एका भोपळ्याचे वजन सुमारे 1247 किलोग्रॅम भरले. एखाद्या लहान मोटारगाडीहूनही ते अधिक होते.

असे महाकाय भोपळे पिकविण्याचा छंद उत्तर अमेरिका व युरोप येथे मोठ्या प्रमाणावर जोपासला जातो. परंतु ज्या वेलापासून इतक्या प्रचंड फळाची अपेक्षा करावयाची, तोच वेल पुष्कळदा एकही फळ धरीत नाही. पाने थाळीएवढी रुंद होतात, खोड मनगटाएवढे जाड होते, पिवळ्या फुलांनी वेल बहरून जातो. आणि तरीही कोवळी फळे पिवळी पडून एकामागून एक गळून जातात. भारतातील परसबागेतही हाच अनुभव येतो. वेल वांझ निघाला, असे म्हणून लोक स्वस्थ बसतात. वास्तविक वेल क्वचितच वांझ असतो. फळ न धरण्यामागे निश्चित कारणे असतात, व त्यांपैकी बहुतेक ओळखता येतात.

महाकाय भोपळ्याचे कूळ

भोपळ्याच्या अनेक जाती आहेत. महाकाय फळे देणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव 'कुकुर्बिटा मॅक्झिमा' असे आहे. तिचे मूलस्थान दक्षिण अमेरिका होय. तिचा रानटी पूर्वज आजही अर्जेंटिना व उरुग्वे या देशांत आढळतो. त्याची फळे लहान व कडू असतात. भारतात तांबडा भोपळा, डांगर किंवा काशीफळ या नावांनी जी फळे विकली जातात, त्यांपैकी बरीचशी 'कुकुर्बिटा मोस्काटा' या भगिनी-जातीची असतात. दुध्या भोपळा मात्र या कुळातील असला तरी निराळ्या प्रजातीचा आहे.

मोठ्या फळांच्या निवडीला जुना इतिहास आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील विल्यम वॉर्नॉक याने 1904 साली सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनात 403 पौंडांचा, म्हणजे सुमारे 183 किलोग्रॅमचा भोपळा मांडला होता. हा उच्चांक सत्तर वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. पुढे कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने अनेक वर्षे निवड करून 'अटलांटिक जायंट' हा वाण सिद्ध केला. आजचे बहुतेक सर्व महाकाय भोपळे या वाणाच्या वंशातील आहेत.

दोन प्रकारची फुले

फळ का धरत नाही हे समजण्यासाठी प्रथम फुलांची रचना पाहिली पाहिजे. जास्वंदीच्या एकाच फुलात नर व मादी ही दोन्ही इंद्रिये असतात. भोपळ्याचे तसे नाही. त्याच्या एकाच वेलावर नरफुले व मादीफुले वेगवेगळी येतात. नरफूल लांब, बारीक देठावर उभे असते व त्याच्या मध्यभागी परागकणांनी माखलेला एकच दांडा दिसतो. मादीफुलाचा देठ आखूड असतो आणि पाकळ्यांच्या खाली गोट्यासारखा एक हिरवा वा पिवळसर गोळा असतो. हा गोळा म्हणजे किंजपुट. पुढे भोपळा होतो तो याचाच. फुलाच्या मध्यभागी जाड, खंडयुक्त किंजल्क असते. परागकण तेथे पोहोचावे लागतात.

किंजपुटाचा हा आकारच पुष्कळांची दिशाभूल करतो. फूल उमलण्यापूर्वीच लहानसा भोपळा दिसत असल्यामुळे फळ धरलेच आहे, असा समज होतो. ते फळ नसून फळाची केवळ शक्यता असते. किंजपुटात शेकडो बीजके असतात. त्यांचे फलन झाले नाही, तर चार-सहा दिवसांत तो गोळा पिवळा पडतो, सुरकुततो आणि गळून जातो. रोगाने किंवा पाण्याअभावी फळ गळाले, असे ज्याला म्हटले जाते, ते पुष्कळ वेळा मुळात धरलेलेच नसते.

वनस्पतींमध्ये नर व मादी असा भेद असतो, ही गोष्ट जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील रुडॉल्फ कॅमेरारियस याने 1694 साली प्रयोगाच्या आधारे प्रसिद्ध केली. एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वीच खुडून टाकल्यास त्या झाडावर सकस बी धरत नाही, असे त्याने दाखविले. भोपळ्याच्या बागेत दर हंगामाला हाच प्रयोग नकळत घडत असतो.

पहिली फुले निष्फळ का?

वेल फुलू लागतो तेव्हा प्रथम केवळ नरफुले येतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा पहिले मादीफूल दिसते. पुढेही नरफुलांची संख्या मादीफुलांच्या कित्येक पट असते. त्यामुळे सुरुवातीची सारी फुले कोमेजून गेली, तर काळजीचे कारण नाही.

दोन्ही प्रकारच्या फुलांचे प्रमाण वेलातील संप्रेरकांवर अवलंबून असते. इथिलीन हा वायुरूप संप्रेरक मादीफुलांना अनुकूल आहे, तर जिबरेलिन नरफुलांना. बाह्य परिस्थितीचाही परिणाम होतो. दिवस मोठे, ऊन कडक व रात्री उष्ण असल्या तर नरफुले वाढतात; दिवस लहान व रात्री थंड असल्या तर मादीफुलांचे प्रमाण सुधारते. जमिनीत नत्र फार झाले म्हणजे वेल माजतो. पाने व फांद्या जोमाने वाढत राहतात. मादीफुले मात्र उशिरा व थोडी येतात. शेणखताच्या उकिरड्यावर आपोआप उगवलेला वेल पुष्कळदा छप्पर झाकून टाकतो, पण फळ देत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

एका सकाळचे आयुष्य

भोपळ्याचे फूल सूर्योदयाच्या सुमारास उमलते व दुपारपूर्वीच मिटते. ते पुन्हा कधीही उमलत नाही. म्हणजे एका मादीफुलाला फलनाची जी संधी मिळते, ती अवघ्या काही तासांची. दुध्या भोपळ्याची पांढरी फुले याउलट सायंकाळी उमलतात, व रात्री उडणारे पतंग त्यांच्याकडे येतात. यावरून प्रत्येक वेलाचे वेळापत्रक निराळे असते, हे ध्यानात येईल.

या थोड्या तासांत नरफुलातील पराग मादीफुलापर्यंत पोहोचविणार कोण? वारा हे काम करू शकत नाही. भोपळ्याचे परागकण वनस्पतींमध्ये मोठे गणले जातात. ते काटेरी, जड व चिकट असतात. मक्याच्या परागाप्रमाणे ते हवेत उडत नाहीत. त्यांना कीटकांचीच गरज असते. उत्तर अमेरिकेत भोपळावर्गीय फुलांवरच उपजीविका करणाऱ्या रानमाश्या आहेत. त्या पहाटेच कामाला लागतात. भारतात सातेरी, आग्या व फुलोरी मधमाश्या आणि डंखरहित लहान माश्या हे कार्य करतात. मादीफुलातही मधुरस असल्यामुळे माशी दोन्ही फुलांना भेट देते, व तिच्या अंगाला चिकटलेले पराग आपोआप किंजल्कावर पडतात.

एका भेटीने सहसा काम भागत नाही. शेकडो बीजकांचे फलन व्हावयाचे तर शेकडो परागकण लागतात, आणि त्यासाठी माश्यांच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. पराग अपुरे पडले तर फळ गळते, किंवा धरले तरी एका बाजूने वाढून वाकडे होते. पावसाळी सकाळी माश्या बाहेर पडत नाहीत, शिवाय पाणी लागून परागकण फुटतात व निकामी होतात. आणि सकाळच्या वेळी कीटकनाशक फवारले तर तांबड्या भुंगेऱ्यांबरोबर मधमाश्याही मरतात. ज्या शेतकऱ्याने कीड मारण्यासाठी औषध मारले, त्याच्याच वेलाला मग फळ धरत नाही. फवारणी अपरिहार्य असेल तर ती फुले मिटल्यानंतर, सायंकाळी करणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग होय.

परागण होऊनही फळ गळते तेव्हा

किंजल्कावर पडलेला परागकण रुजतो, त्यातून एक सूक्ष्म परागनलिका निघते व ती किंजलातून उतरत बीजकापर्यंत जाते. फलन झालेल्या बीजकांकडून संप्रेरके स्रवतात, आणि त्यांच्या प्रभावामुळेच किंजपुट देठाला टिकून राहून वाढू लागते. या साखळीतील कोणताही दुवा तुटला तर फळ धरत नाही.

उष्णता हा त्यातील मोठा शत्रू आहे. तापमान सुमारे 32 ते 35 अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर परागाची रुजण्याची शक्ती घटते व कोवळी फळे गळतात. 'मॅक्झिमा' ही जाती 'मोस्काटा'पेक्षा थंड हवेला अधिक सरावलेली असल्यामुळे तिला उन्हाचा त्रास अधिक होतो. म्हणून महाकाय भोपळे पिकविणारे अमेरिकी छांदिष्ट कडक उन्हाच्या दिवसांत मादीफुलावर सावली धरतात. काही जण तर फुलाजवळ बर्फाच्या पिशव्या ठेवतात.

दुसरे कारण वेलाच्या अंतर्गत अर्थव्यवस्थेत आहे. पानांत तयार होणारे अन्न मर्यादित असते. एक फळ जोमाने वाढू लागले की वेल आपले बहुतेक अन्न तिकडे वळवितो, आणि नंतर आलेली मादीफुले उत्तम परागण होऊनही गळतात. हा दोष नव्हे. पोसता येतील तेवढीच बाळे ठेवण्याची ही निसर्गाची रीत आहे. वेलाला पाण्याचा ताण पडला, भुंगेऱ्यांनी पाने खाल्ली किंवा भुरी रोगाने ती निकामी झाली, तरी वेल प्रथम कोवळ्या फळांचाच त्याग करतो. फळमाशीने कोवळ्या फळात अंडी घातल्यास तेही कुजून गळते. परंतु अशा फळावर बारीक छिद्र दिसते व कापल्यावर आत अळ्या सापडतात. त्यावरून हा प्रकार वेगळा ओळखता येतो.

महाकाय फळ पिकविणाऱ्याची कसोटी

ही सर्व कारणे साध्या भोपळ्यालाही लागू आहेत. मग महाकाय भोपळ्याच्या बाबतीत अपयश इतके बोचरे का ठरते? याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. कॅनडा व उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत दोन हिमकालांच्या मधला उन्हाळा लहान असतो. एप्रिलच्या अखेरीस बी घरात रुजविले जाते, मे महिन्यात रोप बाहेर लावले जाते, व ऑक्टोबरात फळ तोलावयाचे असते. त्यातही बुंध्याजवळची पहिली मादीफुले मुद्दाम खुडून टाकतात, कारण इतके मोठे फळ पोसण्याइतकी पाने त्या वेळी वेलावर नसतात. मुख्य वेल सुमारे 3 मीटर वाढल्यानंतर आलेले मादीफूल निवडले जाते, आणि शेवटी वेलावर एकच फळ ठेवले जाते. भराच्या दिवसांत ते दररोज 15 किलोग्रॅमहूनही अधिक वाढू शकते. त्यामुळे परागणाला दोन आठवडे उशीर झाला, तर शेकडो किलोग्रॅमचा तोटा होतो. आणि तशी चार फुले हुकली, तर वर्षच हुकते.

म्हणून हे काम मधमाश्यांवर न सोपविता हाताने केले जाते. त्याची रीत सोपी असून ती कोणत्याही शाळेच्या बागेत करून पाहता येईल. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या सायंकाळी टोकाला पिवळी दिसते. अशी एक मादीकळी व दोन-तीन नरकळ्या दोऱ्याने अलगद बांधाव्यात. सकाळी सूर्योदयाच्या सुमारास नरफुले खुडून त्यांच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागाने माखलेला दांडा मादीफुलाच्या किंजल्काच्या प्रत्येक खंडावर हलक्या हाताने फिरवावा. नंतर मादीफूल पुन्हा बांधावे व देठाला तारखेची चिठ्ठी लावावी. नरफुले त्याच वेलाची असली तरी चालतात. मात्र काकडीचा किंवा दुध्याचा पराग भोपळ्याला उपयोगी पडत नाही. शेजारच्या दुसऱ्या मादीफुलावर पातळ कापडाची पिशवी बांधून त्याला परागापासून वंचित ठेवल्यास, आठवड्याच्या आत दोन्हींतील फरक विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल: एक गोळा तुकतुकीत होऊन फुगू लागतो, दुसरा पिवळा पडतो.

तात्पर्य, फळ न धरणाऱ्या वेलाची परीक्षा क्रमाने करावी. मादीफुले येतच नसतील, तर वेलाचे वय, नत्राचे प्रमाण व ऋतू यांकडे पाहावे. मादीफुले येऊन उमलल्यावर चार-सहा दिवसांत गोळे पिवळे पडत असतील, तर सकाळी तासभर वेलाजवळ बसून माश्या येतात की नाही हे पाहावे. न आल्यास हाताने परागण करावे. हाताने परागण करूनही गोळे गळत असतील, तर उष्णता, पाणी, पानांचे आरोग्य व वेलावरील आधीची फळे यांचा विचार करावा. आणि जेथे भोपळ्याच्या फुलांची भजी करण्याची चाल आहे, तेथे लांब देठाची नरफुलेच खुडावीत, व त्यांतीलही काही वेलावर राहू द्यावीत. ज्यांना वांझ म्हणून हिणविले जाते, त्या फुलांवाचून एकही भोपळा धरत नाही.