मांजराला ‘एफआयपी’ झालाय? ८४ दिवसांच्या उपचारांत काय सांभाळाल

दत्तक आणलेलं पिल्लू खाणं कमी करतं, ताप उतरत नाही, अंग वाळतं. पोट मात्र फुगतं. अनेकांना हे जंत वाटतात. पण तो ‘एफआयपी’ही असू शकतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत यातून मांजर क्वचितच वाचायचं.

आजार नेमका काय?
मांजरांमधला कोरोना विषाणू बहुतेकदा जुलाबांपलीकडे जात नाही. काही मांजरांच्या शरीरात मात्र तो बदलतो आणि एफआयपी होतो. दोन वर्षांखालील मांजरांना धोका जास्त. माणसांना याची लागण होत नाही.

चित्र कसं बदललं?
२०१९ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यक नील्स पेडरसन यांच्या चमूने ‘जीएस-४४१५२४’ या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३१ पैकी २५ मांजरं दीर्घकाळ जगली. तेव्हापासून ८४ दिवसांचा कोर्स रूढ झाला.

घरी काय कराल?
• डोस रोज ठरलेल्या वेळी द्या. मांजर खेळू लागलं म्हणून मध्येच थांबवू नका. आजार उलटू शकतो.
• दर आठवड्याला वजन करा. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे वजन वाढलं की डॉक्टरांना कळवा.
• दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर थांबू नका. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.
• तापासाठी घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ती मांजरासाठी जीवघेणी ठरते.

कोर्स लांब आणि खर्चिक आहे. त्यामुळे एकूण खर्चाबद्दल डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोला. कोर्स संपल्यावरही साधारण तीन महिने लक्ष ठेवावं लागतं.