२१ दिवसांचा आकडा आणि बाविसावा दिवस

तिसगावात पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतात. त्यातलाच एक परवा चहाच्या टपरीवर तोंड पाडून बसला होता. "सर, २१ दिवस न चुकता १६०० मीटर पळालो. बाविसाव्या दिवशी उठावंसंच वाटेना. आपल्यात दमच नाही."

दम त्याच्यात आहे, खोट त्या २१ मध्ये आहे. 'कोणतीही गोष्ट २१ दिवस करा, सवय लागते' हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर, व्याख्यानात, अगदी लग्नाच्या पंगतीतही ऐकून माझे कान किटले आहेत.

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान सुमारे २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे सांगोवांगीत 'किमान' गळालं, 'सुमारे'ही गळालं आणि चेहऱ्याची गोष्ट पळण्याला चिकटली. आपल्याकडे तर २१ म्हटलं की मोदक आणि दुर्वाच आठवतात. मग शंका कोण घेणार?

प्रत्यक्ष मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २०१० साली युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीत छापून आला. ९६ जणांनी स्वतःच एकेक सवय निवडली. कुणी जेवणासोबत फळ खायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. नोंदी ८४ दिवस ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्य निघाला ६६. सर्वांत कमी १८, सर्वांत जास्त २५४; हा शेवटचा आकडा अर्थातच नोंदींवरून पुढे बांधलेला अंदाज. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला वेळ लागला.

"मग २१ च्या जागी ६६ धरू का?" पोरगं वहीच काढायला लागलं. अरे बाबा, मध्य ६६ म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त दिवस लागले!

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. एखाद्या दिवसाचा खाडा पडल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाविसाव्या दिवशी झोपून राहिल्याने काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते तेविसाव्या दिवशीही न उठल्याने.

आपल्या आज्या चातुर्मासात नेम धरायच्या. कांदेनवमीला भजी खाऊन कांदा बंद, किंवा संध्याकाळी दिवा लावला की पोथीचा एक अध्याय. आजीला मानसशास्त्र ठाऊक होतं असा दावा मी करत नाही, तो आणखी एक गैरसमज होईल. पण नेम लहान असायचा, रोजच्या एखाद्या कामाला बांधलेला असायचा आणि मुदत चांगली चार महिन्यांची असायची.

'आधी मोटिव्हेशन हवं' हेही उलटंच. धार काढायला कुणाला मोटिव्हेशन लागतं? म्हैस हंबरते, डेअरीची वेळ ठरलेली असते, माणूस उठतो.

तसंच, इच्छाशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी वापरून संपते म्हणतात. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी त्यामागचा एक प्रयोग पुन्हा केला, परिणाम जवळपास शून्य.

आणि २१ सारखाच दुसरा आकडा, रोज दहा हजार पावलं हवीतच? तो आकडा १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आला. सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांवरच्या २०१९ मधल्या अमेरिकी अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपासच फायदा वाढायचा थांबला होता.

"ते राहू द्या सर. उद्या किती पळू?"

"१६०० नको. बूट घाल आणि डेअरीपर्यंत जा."

"डेअरीपर्यंत रोज जातोच की, दूध घालायला."

"मग येताना पळत ये. किटली रिकामीच असते."