नळीएवढे घर

वाईच्या आमच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सहा वर्षे अहोरात्र घरघरत होता, आणि त्याच्या तोटीपासून माझ्या मावशीच्या नाकपुड्यांपर्यंत गेलेली पंधरा मीटरांची नळी हीच त्या काळात तिच्या हिंडण्याफिरण्याची सरहद्द होती. माजघर, स्वयंपाकघर, देवघर एवढा मुलूख नळीच्या अंमलाखाली येई. अंगणातले तुळशीवृंदावन दोन हात पलीकडे राही. जिने जन्मात कधी विडीला स्पर्श केला नाही, पण पन्नास वर्षे चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला, तिची फुप्फुसे जुनाट धूम्रपान करणाराच्या फुप्फुसांसारखी व्हावीत, ह्याचे आम्हांला नवल वाटे. डॉक्टरांना वाटत नसे. सी.ओ.पी.डी. ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या व्याधीचे रुग्ण आपल्या देशात १९९० साली २ कोटी ८१ लक्ष होते आणि २०१६ साली ते ५ कोटी ५३ लक्षांवर गेले, असा जागतिक रोगभार-अभ्यासाचा अंदाज आहे. आणि लाकूड, गोवऱ्या व काटक्यांचा धूर हे ह्या व्याधीचे एक प्रमुख कारण आहे.

त्या दोन हातांच्या अंतराने मला ह्या विषयाकडे ओढले. रोग्याच्या श्वासाला यंत्राचे साह्य द्यावे, पण रोग्याला यंत्राशी जखडून टाकू नये, ह्या खटपटीचा इतिहास शोधू लागलो तेव्हा तो जवळजवळ दीडशे वर्षे मागे जातो असे आढळले. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याचा मुलगा १८८१ साली जन्मल्यावर काही तासांतच, श्वास नीट न चालल्यामुळे, दगावला. त्या दुःखातून बेलने छातीभोवती बसणारे एक कवच तयार केले, ज्यातील हवा हातभात्याने ओढून घेतली म्हणजे छाती फुगे आणि पुन्हा सोडली म्हणजे बसे. अंगावर घालावयाच्या श्वासयंत्राची कल्पना अशी एका बापाच्या शोकातून आली. परंतु तिचा व्हावा तसा पाठपुरावा त्या काळी झाला नाही. जगाने पुढे स्वीकारली ती नेमकी उलट तऱ्हा. हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर व लुई अगासी शॉ ह्यांनी १९२८ साली बनविलेल्या ‘लोखंडी फुप्फुसा’त पोलिओचा रोगी मानेपर्यंत पेटीत बंदिस्त होई, आणि झाडलोटीच्या विजेच्या यंत्रांतील पंपांच्या साह्याने त्या पेटीतला दाब कमीजास्त केला जाई. ह्या पेटीने असंख्य जीव वाचविले, ह्याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. पण तिच्यात पडलेल्यांना काय हवे होते, ते टेक्सासच्या पॉल अलेक्झांडरच्या चरित्रावरून कळते. १९५२ साली, सहा वर्षांचा असताना, तो पेटीत गेला. गालफडे व जीभ ह्यांनी हवेचे घोट गिळून श्वास घेण्याची, ‘बेडूक-श्वास’ म्हणविली जाणारी विद्या त्याने चिकाटीने साधली, तिच्या बळावर काही तास पेटीबाहेर राहता येऊ लागले, आणि तो पदवीधर झाला, वकील झाला. २०२४ च्या मार्च महिन्यात, ७८ व्या वर्षी, तो वारला.

ह्या सर्व इतिहासात मला सर्वांत प्रिय असलेली हकीकत विल्यम हेन्री ब्रॅग ह्यांची आहे. क्ष-किरणांनी स्फटिकांची अंतर्रचना उलगडल्याबद्दल १९१५ साली पुत्रासह नोबेल पारितोषिकाचा मान मिळविलेले, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे हे प्रमुख, १९३० नंतरच्या दशकात स्नायू झिजत चाललेल्या एका स्नेह्याची धाप पाहून अस्वस्थ झाले. आणि स्फटिकांच्या विचारात गढलेल्या त्या मनाने एक फुटबॉलचे ब्लॅडर घेऊन ते रोग्याच्या छातीवर पट्ट्याने बांधले, दुसरे ब्लॅडर फळ्यांमध्ये धरले, आणि दोन्ही नळीने जोडली. फळ्या दाबल्या की छातीवरचे ब्लॅडर फुगून उच्छ्वास घडवी. सोडल्या की छाती आपल्याच लवचिकपणाने उघडून हवा आत घेई. पुढे इंग्लंडातील चित्रपटाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले कारागीर रॉबर्ट पॉल ह्यांनी ह्याच तत्त्वावर पक्के यंत्र घडविले आणि ते ‘ब्रॅग-पॉल पल्सेटर’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. रोग्याच्या अंगावर राहणारा भाग म्हणजे केवळ एक रबरी पट्टा. शेजारधर्माने केलेले एवढे थोर विज्ञान माझ्या वाचनात दुसरे नाही.

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली. लोखंडी फुप्फुसे अपुरी पडली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन ह्यांच्या सल्ल्याने रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, आठवड्यांमागून आठवडे, हाताने पिशव्या दाबून त्यांना जगविले. आणि बाहेरून छाती ओढण्याऐवजी आतून हवा भरण्याची पद्धत रूढ झाली. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन ह्यांनी नाकावरील मुखवट्यातून झोपेत दाबाची हवा देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्याच मुखवट्याच्या वाटेने पुढे गळ्यास छिद्र न पाडताही हे करता येऊ लागले.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण घरोघर त्याचा घोटाळा होतो. प्राणवायू देणे निराळे आणि श्वासाला बळ देणे निराळे. कॉन्सन्ट्रेटर हवेतला प्राणवायू गाळून देतो, पण छाती हलविण्याचे श्रम रोग्यालाच करावे लागतात. सी.ओ.पी.डी.च्या रोग्याची तर आणखी एक अडचण असते: त्याची हवा आत जाते पण पुरती बाहेर पडत नाही, फुप्फुसे फुगलेलीच राहतात, त्यांच्याखालचे श्वासपटल चपटे होऊन त्याची ताकद हरवते, आणि चार पावले चालताच धाप लागते. अशा माणसाच्या रक्तातला प्राणवायू ठीक असला तरी त्याचे हाल थांबत नाहीत.

प्राणवायू नेमका कुणाला व किती वेळ द्यावा, ह्याचा निवाडा दोन जुन्या प्रयोगांनी केला. त्यांच्या आधी कोलोराडो राज्यातील डेन्व्हर ह्या उंचावरच्या शहरात टॉमस पेटी ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात रोग्यांना द्रवरूप प्राणवायूचे लहान नळकांडे खांद्याला देऊन चालावयास लावले होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात, ज्यांचा रक्तातील प्राणवायू फारच खालावलेला होता अशा २०३ रोग्यांपैकी ज्यांना केवळ रात्री तो मिळाला त्यांचे मृत्यू, जवळजवळ दिवसभर मिळालेल्यांच्या मानाने, सुमारे दुप्पट झाले. पुढल्याच वर्षी ब्रिटिश प्रयोगात दिवसाकाठी १५ तास प्राणवायू घेणाऱ्या ४२ पैकी १९ रोगी पाच वर्षांत वारले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. ह्याचा अर्थ असा की प्राणवायू दिवसातला बहुतेक वेळ घेतला तरच आयुष्य वाढते, आणि यंत्र बरोबर हिंडवता आले तर तो तितका वेळ घेणे सोपे जाते. म्हणून हलके यंत्र हा शौक नव्हे, औषधाचाच भाग होय. उलट, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७३८ रोग्यांच्या प्रयोगात, ज्यांची घट मध्यमच होती त्यांना घरच्या प्राणवायूने आयुष्याचा वा इस्पितळाची वारी टळण्याचा काही लाभ झाला नाही. यंत्र विकणाऱ्या दुकानात हा दुसरा दाखला क्वचितच ऐकावयास मिळतो.

आजची खांद्याला अडकविण्याची यंत्रे दोन-अडीच किलोंची असतात. त्यांच्यातील झिओलाइट नावाचे खनिज दाबाखाली हवेतला नत्रवायू धरून ठेवते आणि नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध प्राणवायू पुढे सोडते. वजन वाचविण्यासाठी ती अखंड प्रवाह देत नाहीत. नाकातली आत घेण्याची ओढ ओळखून तेवढ्यापुरती मात्रा सोडतात. म्हणून तबकडीवरचा ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे, आणि एका कंपनीचा ‘२’ दुसरीच्या ‘२’शी जुळेलच असेही नाही. तेच यंत्र लावून, रोग्याला चालवून, बोटावरच्या मापकाने तपासल्यावाचून पैसे देऊ नयेत. आणि झोपेत उथळ श्वास असणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्यावर रात्र काढू नये.

श्वासाला बळ देणारे, खऱ्या अर्थाने अंगावर वागविण्याचे यंत्र कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील ब्रीद टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीने केले. कमरेला बांधावयाचा हा व्हेंटिलेटर जेमतेम साडेचारशे ग्रॅम वजनाचा. नाकाशी सैल बसणाऱ्या टोकांतून तो दाबाचा झोत सोडी आणि झोताबरोबर भोवतालची हवाही ओढून नेई, त्यामुळे तोंड मोकळे राहून बोलता येई, खाता येई. पण साडेचारशे ग्रॅम ही पुरी कैफियत नाही. ह्या यंत्राला दाबाखालील वायू लागे, म्हणजे बाहेर पडताना सिलिंडर बरोबर आलाच. शिवाय ते सर्वांसाठी नव्हते, आणि त्याची किंमत आपल्याकडच्या मध्यम स्थितीच्या कुटुंबाला झेपणारी नव्हती. तथापि बेलच्या कवचापासून निघालेली वाट योग्य दिशेने चालली आहे, असे माझे मत आहे.

मावशीला हे यंत्र मिळाले नाही. तिच्या शेवटच्या दिवाळीत एका परिचिताने खांद्यावरचा कॉन्सन्ट्रेटर महिनाभर वापरावयास दिला. वसुबारसेच्या संध्याकाळी ती पडवीच्या पायऱ्या उतरून, मध्ये दोनदा थांबून, ओठ मुडपून सावकाश श्वास सोडीत तुळशीपाशी गेली. तिने वृंदावनाला हात लावला आणि मग माघारी येऊन खुर्चीवर बसली. पणती नंतर नातीने लावली. मावशीने ती दहा फुटांवरून पाहिली, कारण प्राणवायूच्या नळीजवळ ज्योत, उदबत्ती वा फुलबाजी आणणे म्हणजे आगीला निमंत्रण. ज्या घरात असा रोगी आहे त्या घराने ह्या सणात हे अंतर पाळावेच.

२०२१ च्या एप्रिलात प्राणवायूसाठी जी दाणादाण उडाली, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटल्याने किमान २२ रोग्यांचे प्राण गेले, त्या धास्तीने अनेक कुटुंबांनी कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. त्यांतील कित्येक आता माळ्यावर पडून आहेत, आणि न वापरता पडून राहिले की दमट हवेने आतील झिओलाइट निकामी होत जाते. आपल्या माळ्यावर असे यंत्र असेल तर ते ह्याच महिन्यात उतरवावे, जाणकाराकडून त्याच्या प्राणवायूची शुद्धता मोजून घ्यावी, आणि ते ठीक असेल तर जवळच्या छातीविकारतज्ज्ञाला विचारून ज्याला गरज आहे त्याच्या घरी, पंधरा मीटरांच्या नळीसह, पोहोचते करावे.