मातोश्रींच्या पसंतीची गाडी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका व्यापाऱ्याने २०१९ साली मारुतीची सियाझ ही सेडान घेतली. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, ५१० लिटरची डिकी. घरच्यांचे सामान आणि हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्या तीत सहज मावत. शहरात लिटरमागे १४, तर महामार्गावर १९ किलोमीटर, असा हिशेब त्यांच्या वहीत नोंदलेला आहे. मागे पाय ऐसपैस पसरता येत असल्याने पुण्यापर्यंतच्या प्रवासाचाही शीण जाणवत नसे.

मात्र सेडानची बैठक खालची. गुडघेदुखी जडल्यापासून मातोश्रींना उतरताना दोघांचा आधार लागू लागला. २०२५ मध्ये सियाझचे उत्पादन थांबले, तेव्हा मुलाने उंच एसयूव्हीचा आग्रह धरला. व्यापाऱ्याने निर्णयापूर्वी मातोश्रींनाच शोरूममध्ये नेले. उतरणे सोपे झाले. पण चढताना पाऊल उंबऱ्यापर्यंत पोहोचेना. “चढायलाही गुडघेच लागतात रे,” त्या म्हणाल्या.

सेडान घरीच राहिली. आसनावर जाड, घट्ट उशी आली. आधी बसायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, ही रीतही अंगवळणी पडली. मातोश्री आता एकाच हाताच्या आधाराने उतरतात. नवी गाडी घेताना घरातील वडीलधाऱ्यांनाच प्रथम बसवून पाहावे, हे त्या कुटुंबाला उमगले.